राहून गेलेले दुसरे ऑपरेशन

पोटाला पिशवी लावून रुग्ण घरी येतो, तेव्हा डॉक्टरांचे एक वाक्य घरातल्या सगळ्यांच्या ध्यानात राहते, ‘तीन महिन्यांनी या, आतडे परत जोडून देऊ.’ तीन महिने होतात तेव्हा पेरणी तोंडावर आलेली असते. मग सोयाबीनची काढणी येते, मग लग्नसराई. पहिल्या ऑपरेशनचे देणे फिटलेले नसते. शिवाय पोटावरचा उभा लांब व्रण रोज अंघोळीला दिसतो आणि पुन्हा तिथूनच पोट उघडणार या कल्पनेने माणूस धास्तावतो. अशाने तात्पुरती म्हणून लावलेली पिशवी वर्ष-दोन वर्षे आणि कधी कधी जन्मभर राहते. हे दुसरे ऑपरेशन आता बऱ्याच रुग्णांमध्ये दुर्बिणीतून, पोट पुन्हा उभे न उघडता करता येते. त्याची चर्चा मात्र बहुतेक वेळा छिद्रे किती पडतात आणि बिल किती होते, एवढ्यावरच थांबते. मला त्याचे महत्त्व दुसरीकडे दिसते. भीतीमुळे किंवा आधीच्या हालांमुळे मागे हटलेला रुग्ण दुर्बिणीमुळे पुन्हा ऑपरेशनच्या टेबलापर्यंत येऊ शकतो. औशासारख्या तालुक्याच्या गावातल्या माणसाला हा लाभ खरोखर मिळायचा असेल, तर दुसऱ्या ऑपरेशनची तयारी पहिल्या ऑपरेशनच्या दिवशीच सुरू झाली पाहिजे.

मोठ्या आतड्याचे तोंड पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कातडीला शिवणे म्हणजे कोलोस्टोमी. मल गुदद्वाराकडे जाण्याऐवजी या तोंडातून बाहेर येतो आणि चिकटवलेल्या पिशवीत साठतो. हे तोंड लालसर आणि ओलसर असते. त्याला हात लावला तरी दुखत नाही, कारण आतड्याच्या अस्तराला कातडीसारखी वेदना कळत नाही. पण त्याला आवळून धरणारा स्नायूही नसतो, म्हणून वायू आणि मल कधी येईल यावर माणसाचा ताबा राहत नाही. युरोप-अमेरिकेत अशी पिशवी लावण्याचे एक मोठे कारण म्हणजे उतारवयात मोठ्या आतड्याला येणारे फुगे सुजून फुटणे. आपल्याकडे कारणे अधिक निरनिराळी आहेत. डाव्या बाजूच्या लांबलेल्या आतड्याला पीळ पडतो आणि तो भाग काळा पडतो. कर्करोगाची गाठ वाढून मार्ग बंद होतो. मोटारसायकलच्या अपघातात पोटाला मार लागतो, शेतात बैल शिंग खुपसतो. गुदमार्ग न उघडलेले बाळ जन्माला येते, साधारण पाच हजार जन्मांत एक. असा रुग्ण रुग्णालयात पोहोचतो तोवर पोटात घाण पसरलेली असते, रक्तदाब उतरलेला असतो, आतडे सुजून ठिसूळ झालेले असते. त्या वेळी घातलेला जोड उसवण्याचा धोका मोठा असतो आणि जोड उसवला तर जीव जाऊ शकतो. म्हणून शल्यचिकित्सक जोड घालत नाही, पिशवी लावतो. पिशवी लागली म्हणजे डॉक्टरला ऑपरेशन नीट जमले नाही, अशी एक समजूत गावोगाव आहे. ती साफ चुकीची आहे. पुष्कळदा त्या पिशवीनेच रुग्णाला वाचवलेले असते.

परत जोडण्याचा विचार करताना पिशवी कोणत्या प्रकारची आहे हे आधी कळले पाहिजे, आणि नेमकी हीच गोष्ट रुग्णाला बहुधा कोणी सांगितलेली नसते. पहिल्या प्रकारात आतड्याचा वेटोळा बाहेर ओढून त्याला वरच्या बाजूने भोक पाडलेले असते. आतड्याची दोन्ही तोंडे तिथेच शेजारी शेजारी असतात. ही पिशवी काढायला पोट उघडावे लागत नाही आणि दुर्बीणही सहसा लागत नाही. त्या तोंडाभोवती कापून वेटोळा सुटा करायचा, भोक शिवायचे आणि आतडे आत सोडायचे. इथे पिशवीची जागा हेच छोटे छिद्र असते. अशा रुग्णाला कोणी दुर्बिणीच्या नावाने मोठा खर्च सांगत असेल, तर त्याने नम्रपणे पण स्पष्टपणे कारण विचारावे. दुसऱ्या प्रकारात आतड्याचा खराब भाग काढून टाकलेला असतो, वरचे टोक पोटावर आणलेले असते आणि खालचे, म्हणजे गुदाशयाचे टोक बंद करून ओटीपोटात सोडून दिलेले असते. दोन टोकांमध्ये वीतभर अंतर असते आणि खालचे टोक बाहेरून दिसतही नाही. फ्रेंच शल्यचिकित्सक आंरी हार्टमन यांनी १९२१ साली ही पद्धत मांडली ती गुदाशयाच्या वरच्या भागातल्या कर्करोगासाठी. टोके परत जोडण्यासाठी ती योजलेली नव्हती. पुढे पोटात पू झालेल्या, आतडे फुटलेल्या रुग्णांना वाचवण्यासाठी ती जगभर वापरात आली आणि तिच्याबरोबर परत जोडण्याचा अवघड प्रश्नही आला. दुर्बिणीचे खरे काम इथे आहे.

दुर्बीण आपल्याकडे तशी लवकर आली. डॉ. तेहेमतन उडवाडिया सत्तरच्या दशकापासून मुंबईत पोटाचे निदान करण्यासाठी ती वापरत होते. १९९० साली जे. जे. रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, भारतातले हे पहिलेच तसे ऑपरेशन. लवकर कामावर परतण्याचा फायदा श्रीमंतापेक्षा हातावर पोट असलेल्या माणसाला जास्त आहे, म्हणून हे तंत्र सरकारी आणि ग्रामीण रुग्णालयांत गेले पाहिजे, ही भूमिका त्यांनी पुढे सातत्याने मांडली. तीस वर्षांहून अधिक काळ गेला तरी तो मुद्दा जुना झालेला नाही. हार्टमन पद्धतीने सोडलेली टोके दुर्बिणीतून जोडल्याचे पहिले अहवाल १९९३ साली वैद्यकीय नियतकालिकांत आले. म्हणजे हे तंत्र कालपरवाचे नाही, प्रयोगाच्या अवस्थेतलेही नाही. त्याच्या मर्यादा जशा माहीत आहेत तसे त्याचे गुणही.

प्रत्यक्षात काय घडते ते जवळून पाहिले तर भीती थोडी कमी होईल. रुग्णाला पूर्ण भूल देतात. पिशवीच्या जागी तोंडाभोवती कापून आतड्याचे टोक सोडवतात, त्याची कड ताजी करतात आणि त्यात स्टेपलर यंत्राचा टोपीसारखा धातूचा भाग बसवून भोवती दोरा आवळतात. टोक मग पोटात परत सोडले जाते. त्याच जागेतून किंवा शेजारच्या छोट्या छिद्रातून कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात, म्हणजे आतडी आणि पोटाची भिंत यांच्यात काम करायला जागा होते. एका छिद्रातून कॅमेरा जातो, बाकीच्या दोन-तीन छिद्रांतून लांब दांड्याची हत्यारे. आता सर्वांत वेळखाऊ भाग सुरू होतो. पहिल्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना आणि जुन्या व्रणाला चिकटलेली असतात. ती एकेक पदर ओळखून सुटी करावी लागतात. घाई केली तर आतड्याला भोक पडू शकते. मग ओटीपोटात खोल जाऊन गुदाशयाचे बंद टोक शोधायचे. ते आक्रसून मूत्राशयाच्या मागे दडलेले असते. वरचे आतडे ताण न येता खाली पोहोचेल इतके मोकळे करायचे. त्यानंतर एक सहायक गुदद्वारातून स्टेपलरचा दांडा वर सरकवतो, पडद्यावर त्याचे टोक गुदाशयाच्या भिंतीतून बाहेर आलेले दिसते, वरची धातूची टोपी त्यावर खट्कन बसते. यंत्र आवळून चालवले की बारीक टाक्यांच्या वर्तुळाकार ओळी बसतात आणि मधली चकती कापली जाते. यंत्र बाहेर काढल्यावर त्यातली आतड्याची दोन्ही कडी अखंड आहेत का, हे डॉक्टर हातात घेऊन पाहतात. एक कडे तुटलेले असेल तर जोडात कुठेतरी फट असू शकते. शेवटी ओटीपोटात पाणी भरून गुदद्वारातून हवा सोडतात आणि बुडबुडे येतात का ते बघतात, सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधावे तसे. बुडबुडा आला तर तिथल्या तिथे टाका घालतात, कधी काही आठवड्यांसाठी लहान आतड्याची पिशवी लावून जोडाला विश्रांती देतात.

याने साधते काय? पोट उघडून केलेल्या आणि दुर्बिणीतून केलेल्या रुग्णांची तुलना करणारे अनेक अभ्यास झाले आहेत. त्यांचे एकत्रित निष्कर्ष बऱ्यापैकी एका दिशेने जातात. दुर्बिणीच्या गटात रक्तस्राव कमी होतो, जखम पिकण्याचे प्रमाण कमी राहते, आतड्याची हालचाल लवकर सुरू होते आणि रुग्ण काही दिवस आधी घरी जातो. यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. यांतले बहुतेक अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत, चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटलेले नाहीत. डॉक्टर सोपे रुग्ण दुर्बिणीसाठी निवडतात आणि अवघड रुग्णांचे पोट उघडतात. मग दुर्बिणीचे निकाल चांगले दिसणारच. शिवाय ते रुग्ण मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले, फुगे फुटून ऑपरेशन झालेले. पीळ पडलेल्या किंवा बैलाने मारलेल्या आपल्या रुग्णांना ते आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. हे मी मान्य करतो आणि म्हणूनच ‘दुर्बिणीने धोका इतका टक्के घटतो’ असे इथे लिहीत नाही. पण फायद्याचा एक भाग असा आहे की त्याला आकड्यांइतकाच शरीररचनेचा आधार आहे. मध्यभागी उभे कापून उघडलेले पोट शिवल्यानंतर दर शंभरांत दहा ते वीस जणांना त्या व्रणातून हर्निया होतो. तीच जागा दुसऱ्यांदा उघडली की भिंत आणखी दुबळी होते. खताची पोती उचलणाऱ्या, डोक्यावर पाण्याचा हंडा नेणाऱ्या माणसाच्या आयुष्यात या हर्नियाचे ओझे शहरातल्या बैठ्या नोकरदारापेक्षा फार मोठे असते. उभा व्रण पुन्हा न उघडणे हा फायदा रुग्ण निवडण्याच्या पद्धतीवर अवलंबून नाही.

दुसरा आक्षेप शल्यचिकित्सकांकडूनच येतो. चिकटलेल्या आतड्यांत दुर्बीण घालणे धोक्याचे आहे, उघड्या पोटात बोटांना जे कळते ते हत्याराच्या टोकाला कळत नाही. तेही खरे आहे. दुर्बिणीने सुरू केलेल्या या ऑपरेशनांपैकी साधारण दहातल्या एका रुग्णाचे, काही ठिकाणी त्याहून अधिक जणांचे, पोट अखेर उघडावे लागते. माझ्या मते याचे उत्तर सवयीत आणि वृत्तीत आहे. अर्धा तास काम करून आतडी सुटी होत नाहीत असे दिसले तर पोट उघडण्याचा निर्णय वेळेवर घेणारा डॉक्टर चांगला. छिद्रांचा हट्ट धरून चार तास खेचणारा डॉक्टर रुग्णाचे नुकसान करतो. नातेवाइकांचाही यात वाटा आहे. ‘दुर्बिणीचे सांगून पोट फाडले’ अशी तक्रार बाहेर आल्यावर होणार असेल, तर डॉक्टरवर नको तो दबाव येतो. संमतीपत्रावर सही करतानाच हे बोलून घेतले पाहिजे की सुरुवात दुर्बिणीने होईल आणि गरज पडल्यास पोट उघडले जाईल. ते अपयश नाही. अशी ऑपरेशने वरचेवर करणारा शल्यचिकित्सक, चांगला भूलतज्ज्ञ आणि रात्रीतून जोड उसवला तर परत टेबलावर घेण्याची सोय, या तीन गोष्टींपुढे छिद्रांची संख्या गौण आहे.

मग औशातल्या रुग्णाने जायचे कुठे? गावातले ग्रामीण रुग्णालय हे या ऑपरेशनचे ठिकाण नव्हे, तसे असण्याचे कारणही नाही. पण वीसेक किलोमीटरवर लातूर आहे. १९६६ साली तिथे विवेकानंद रुग्णालय उभे राहिले आणि डॉ. अशोकराव कुकडे यांच्यासारखे शल्यचिकित्सक आपले सारे आयुष्य या भागात राहिले. २०१९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले तेव्हा तो मान मोठ्या शहराबाहेर केलेल्या शल्यकर्मालाही मिळाला, असे म्हणता येईल. आज लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, शिवाय अंबाजोगाई, नांदेड आणि सोलापूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पैशाच्या बाजूने पाहिले तर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. २०२३ साली तिचे दीड लाखांचे संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना तिच्यात घेण्याचा निर्णय झाला. पिशवी बंद करण्याचे आपले ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या नावाने योजनेत बसते, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे, आणि ते दाखल होण्याआधी विचारावे, कारण ठरवून करायच्या ऑपरेशनला पूर्वमंजुरी लागते. दुर्बीण महाग आहे हा तिसरा आक्षेप इथे पुष्कळसा सैल होतो. स्टेपलर महाग आहे, यात वाद नाही. पण तो उघड्या ऑपरेशनमध्येही बहुधा लागतोच. आणि हिशोब करायचाच तर पिशव्यांचा महिन्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि मागाहून होणाऱ्या हर्नियाचे ऑपरेशन हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे.

लांबलेल्या पिशवीची या भागातली खरी किंमत पाण्यात मोजावी लागते. पिशवी रिकामी करणे, तोंडाभोवतीची कातडी कोमट पाण्याने धुऊन कोरडी करणे, पट्टी नीट चिकटवणे, हे रोजचे काम. उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, मल कातडीवर पसरतो, कातडी सोलवटते आणि मग नवी पट्टी त्या ओल्या जागी चिकटतच नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या घरात पिशवी असलेल्या माणसाच्या वाट्याला धुण्यापुरते पाणी किती येत असेल, याचा विचार तेव्हा क्वचितच कोणी केला असेल. लाजेने तो लग्नकार्याला जात नाही, एसटीत बसत नाही, कमी खातो. कमी खाल्ल्याने रक्त आणि प्रथिने उतरतात, आणि मग जोडण्याच्या ऑपरेशनला डॉक्टरच ‘आधी तब्येत सुधारा’ म्हणतात. बाईच्या बाबतीत ही लाज दुप्पट असते, आणि तिचे ऑपरेशन घरातल्या खर्चाच्या यादीत शेवटी ढकलले जाते, हेही इथे सांगितले पाहिजे.

म्हणून पहिल्या दिवसाकडे वळतो. अत्यवस्थ रुग्णावर मध्यरात्री ऑपरेशन करणारा शल्यचिकित्सक दोन-चार गोष्टींनी पुढचे काम कितीतरी सोपे करू शकतो. गुदाशयाच्या बंद टोकाला निळ्या, न विरघळणाऱ्या दोऱ्याची लांब शेपटी ठेवली तर सहा महिन्यांनी ते टोक दुर्बिणीत चटकन सापडते. रुग्णाची प्रकृती धड असेल तर त्याच वेळी जोड घालून वर फक्त संरक्षक पिशवी ठेवता येते का, याचाही विचार व्हावा. नेदरलँड्स, बेल्जियम आणि इटलीतल्या रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून रुग्ण वाटले होते. फुगे फुटलेल्या पण रक्तदाब स्थिर असलेल्या रुग्णांपैकी, वर्षाअखेरीस पिशवीशिवाय जगणाऱ्यांचे प्रमाण लगेच जोड घातलेल्या गटात ९४.६ टक्के होते, हार्टमन गटात ७१.७ टक्के. पाश्चात्त्य देशांतल्या जुन्या नोंदींमध्ये तर हार्टमन झालेल्यांपैकी एक तृतीयांश ते निम्मे रुग्ण कधीच परत जोडले गेलेले नाहीत. दोन ऑपरेशनांच्या मधल्या रस्त्यावर माणसे हरवतात, आणि हे तिथलेही सत्य आहे जिथे पाणी, पैसा आणि एसटीचा प्रश्न नाही. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर ‘कोलोस्टोमी केली’ एवढीच ओळ असते. त्यावर पिशवी कोणत्या प्रकारची, खालचे टोक किती लांब ठेवले, कापलेल्या भागाच्या तपासणीत काय निघाले आणि परत कोणत्या महिन्यात यायचे, हे मराठीत लिहिले तर औशाचा रुग्ण लातूरच्या किंवा सोलापूरच्या कोणत्याही शल्यचिकित्सकासमोर ते कार्ड ठेवू शकतो. गावातल्या आशाताईंच्या वहीत ती तारीख असेल तर पेरणीच्या गडबडीतही कोणीतरी आठवण करून देईल. वेटोळ्याची पिशवी साधारण दोन-तीन महिन्यांत, हार्टमनची तीन ते सहा महिन्यांत किंवा तब्येतीप्रमाणे थोडी पुढे, असा हिशोब असतो. त्याआधी खालच्या भागात औषध सोडून एक्स-रे, आवश्यक तर आतड्याची दुर्बीण तपासणी, रक्त आणि साखर आटोक्यात आणणे आणि तंबाखू सोडणे. तंबाखूने जोडाला होणारा रक्तपुरवठा कमी पडतो. मराठवाड्यात ही सूचना निव्वळ सांगून होत नाही, आठवड्या-आठवड्याला विचारावी लागते.

एक प्रश्न राहतो, सगळ्यांचेच आतडे जोडले पाहिजे का? नाही. गुदद्वाराचा आवळणारा स्नायू निकामी झाला असेल तर जोडल्यावर मल सतत गळेल, आणि पिशवीपेक्षा ते जगणे वाईट. डॉक्टरांनी बोटाने तपासून, रुग्णाला आवळायला सांगून हे आधीच पाहायचे असते. कर्करोग परतला असेल, हृदय किंवा फुप्फुस पूर्ण भूल पेलणार नसेल, वय आणि अशक्तपणा फार असेल, तर दुसरे ऑपरेशन न करणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरतो. जोडल्यानंतरही पहिले काही आठवडे वारंवार शौचास जावे लागते, घाई होते, गुदद्वाराची आग होते. हे आधी सांगितले नसेल तर रुग्णाला वाटते की ऑपरेशन फसले. कायमची पिशवी घेऊन जगणाऱ्यांसाठी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका काम करतात, आणि भारतीय रेल्वे अशा रुग्णांना मासिक व त्रैमासिक पासात सवलत देते. ही सवलत मराठवाड्यात फारच थोड्यांना ठाऊक आहे, आणि ती मागायला डॉक्टरांच्या दाखल्याचा एक कागद पुरतो.